खुंटा फळीवर गेला ते वर्ष

कोल्हापुरात वारा नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. वारा आहे, भरपूर आहे. फक्त तो रविवारी नसतो. सोमवारी असतो, तेव्हा मी दुकानात मोटारसायकलचे स्पेअर पार्ट विकत असतो. बुधवारी असतो, तेव्हा आमच्यातले मास्तर नववीच्या पोरांना त्रिकोण समजावत असतात. शुक्रवारी तर असा सुटतो की आमच्या वकिलाचा काळा कोट फुगतो आणि तो कोर्टात चालत येतोय की उडत येतोय हे अशिलाला कळत नाही. आणि रविवारी आम्ही पहाटे उठून, घरच्यांची बोलणी खाऊन, जीपमध्ये पतंग टाकून तलावावर पोचलो की उसाचं पान हलत नाही. पाठीमागं पन्हाळा ढगात डोकं खुपसून बसलेला. तलाव सारवल्यासारखा सपाट. आम्ही चौघं काठावर, आणि चौघांतला एक जण हमखास म्हणणार, "सुटंल की आता."

नव्वदच्या दशकात आम्ही चांगली धडधाकट माणसं होतो. विहिरीत उड्या मारायचो, पुराच्या पाण्यात पोहायचो, दूध पिऊन झोपायचो. मग पुढच्या दशकात, मोबाईल नुकते सगळ्यांच्या खिशात आले होते तेव्हा, आम्ही गोव्याला गेलो आणि वाया गेलो. तिथं किनाऱ्यावर एक गोरा होता. एक भलामोठा फुगवलेला पतंग त्यानं कमरेला बांधला होता, पायाखाली फळी होती आणि तो समुद्रावरून असा चालला होता की जणू पाठीमागं कर्जवसुलीवाले लागलेत. याला काईटसर्फिंग म्हणतात, असं त्यानं सांगितलं. वकील म्हणाला, हे कोल्हापुरात पाहिजे. गोरा मायदेशी परत चालला होता, त्यानं पतंग, दोऱ्या, कमरेचा पट्टा, फळी, सगळं आम्हाला विकून टाकलं आणि थोडंफार शिकवलंही, बहुतेक हातवाऱ्यांनी. निघताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वकिलाला वाटलं, मैत्री. मला अजून वाटतं, त्याला आमच्या घरच्यांची दया आली असावी.

हा पतंग म्हणजे संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. हवा भरली की बैलगाडीएवढा होतो. एकानं लांब जाऊन तो उभा धरायचा, दुसऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला त्याच्या दोऱ्या. धरणाऱ्यानं सोडला की पतंग डोक्यावर चढतो, आणि चढताना जो हिसका देतो त्याला साधा माणूस जमिनीवर टिकत नाही. आमच्यात पहिल्यांदा वकील बांधून घेऊन उभा राहिला. मास्तरांनी पतंग सोडला आणि वकील गेला. मी खोटं सांगत नाही, एक चरणारी म्हैस, तिच्या पाठीवरचा बगळा आणि एक बाभळ, एवढं सगळं ओलांडून तो उसात उतरला. मधे, हवेत असताना, त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. वकिलानं तो घेतला आणि अशिलाला सांगितलं की पुढची तारीख मागू.

तेव्हापासून ठरलं की मागून कमरेचा पट्टा धरायला एक जड माणूस पाहिजे. जड माणूस आमच्याकडं होता. शेठ. गुळाची अडत, जीपचा मालक, लहानपणापासूनचा दोस्त. मार्केट यार्डात तो काट्यावर उभा राहिला की काटा आधी जरा विचार करायचा. शेठनं मागून पट्टा धरला की पन्हाळ्यावरचा वाराच काय, खुद्द पन्हाळा सुटून अंगावर आला असता तरी आम्ही बोटभर सरकलो नसतो. म्हणून आम्ही त्याला खुंटा म्हणायचो. म्हशीला असतो तसा.

शेठला स्वतःला पतंगावर जाता यायचं नाही. पतंग मास्तरांच्या मापाचा होता. एकदा शेठला बांधून बघितला. पतंगानं ओढ ओढ ओढलं, शेठ आपला उभा, आणि शेवटी पतंगच शरमून पाण्यात जाऊन बसला. शेठ हसला, पट्टा सोडून माझ्या हातात दिला. पुढं कधी विषय निघाला नाही. वाऱ्याचा रविवार मिळाला की तो गुडघाभर चिखलात उभा राहायचा, मागून पट्टा धरायचा, "सोडू?" विचारायचा आणि सोडायचा. मग आमच्यातला जो गेला असेल तो परत येईपर्यंत काठावर.

आता हे परत येणं. वाऱ्याबरोबर पलीकडं जाणं सोपं आहे, वारा नेतोच. वाऱ्याच्या तोंडावर उलटं यायचं म्हणजे तिरकं तिरकं कापत यावं लागतं. गोऱ्यानं हा भागही शिकवला होता, पण त्या वेळी आमचं लक्ष तळलेल्या बांगड्यात होतं. परिणाम असा की वर्षानुवर्षं आम्ही अलीकडच्या काठावरून सुसाट सुटायचो, पलीकडच्या काठाला जाऊन आपटायचो, आणि मग पतंगाची हवा काढून, गाठोडं डोक्यावर घेऊन, उसातून, चिखलातून, कुत्र्यांच्या मधून, तलावाला वळसा घालून चालत परत. पलीकडं एका म्हाताऱ्याचं शेत होतं. तो आमची वाटच बघायचा. "पावणं, जाताना विमानानं आणि येताना पायी व्हय?" दर वेळी तेच. त्याच्या तंबाखूच्या चिमटीसारखं झालं होतं ते, ते टाकल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसावा.

त्या वर्षी मी एकच गोष्ट मनावर घेतली होती. जिथून सुटलो तिथंच परत यायचं. पतंगावर. पायी नाही. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मी तिरकं कापत निम्म्या तलावापर्यंत आलो होतो. मास्तरांनी तसं काठावरून मोजून सांगितलं होतं, आणि मास्तर अर्ध्या मार्कासाठी पोरगं नापास करणारे. म्हणजे आता श्रावणातले वाऱ्याचे थोडे रविवार मिळाले की काम झालं. तलाव भरलेला, पतंग शिवून घेतलेला, फळीवरचे पायाचे पट्टे कुजले होते ते चपला करणाऱ्या कारागिराकडून नवे बसवून घेतलेले. पाण्यावर पाऊल दाबलं की ते असे करकरायचे की पलीकडच्या म्हाताऱ्याला पाटील आल्यासारखं वाटावं. सगळी तयारी झाली आणि नेमका खुंटा उपटला.

शेठ लग्नाला म्हणून गोव्याला गेला होता. परत आला तो गप्प गप्प. रविवारी सकाळी तलावावर जायच्या आधी आम्ही मिसळ खायला बसायचो, तिथं त्यानं वरून ओतायचा तिखट कट मागवला नाही. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. खोदून विचारल्यावर म्हणाला, किनाऱ्यावर एक बाई बघितली.

वकिलानं खुर्ची पुढं ओढली.

शेठ म्हणाला, बाई फळीवर उभी होती. हातात लांब दांड्याचं वल्हं. पतंग नाही, वारा नाही, लाटसुद्धा नाही. उभी राहून वल्हवत चालली होती.

"कुठं?" वकिलानं विचारलं.

"कुठं न्हाय. चाललेली."

"मग पुढं काय झालं?"

"पुढं काय व्हायचं हाय? चाललेलीच."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. गणित सुटत नसलं की ते चष्म्यावर संशय घेतात. मला वाटलं, उन्हात फिरलाय, दोन दिवसांत उतरेल. पण पुढच्याच आठवड्यात शेठनं एमआयडीसीत पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका माणसाकडून फायबरची फळी करून आणली. फळी कसली, तिच्यावर लग्नाची पंगत बसली असती आणि वाढप्याला फिरायला जागाही राहिली असती. वल्हं म्हणून ओळखीच्या गुऱ्हाळातून गूळ घोटायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं आणलं होतं. त्याला गुळाचा वास येत होता. तलावावरच्या मुंग्या मी पहिल्यांदाच पोहताना बघितल्या.

त्या रविवारी वारा नव्हता, हे सांगायला नकोच. आम्ही पतंग फुगवून ठेवला आणि त्याच्याभोवती बसून राहिलो. मास्तर बोट ओलं करून वर धरत होते, ते बोट शेवटी धुतलेल्या कपड्यासारखं पांढरं पडलं. शेठनं फळी पाण्यात ढकलली, वर चढला, उभा राहिला आणि पडला. तलावाची पातळी वाढली. पुन्हा चढला, पुन्हा पडला. धुणं धुणाऱ्या बायकांनी आपली कपडे आपटायची दगडं वरच्या अंगाला नेली. मग केव्हातरी तो पडायचा थांबला, फावडं पाण्यात घातलं आणि निघाला. आम्ही बघत बसलो. एवढा मोठा माणूस पाण्यावर उभा राहून चाललाय आणि आवाज फक्त थेंबांचा.

तो तलावाला चक्कर मारून आला. पुन्हा गेला. पलीकडच्या म्हाताऱ्याशी बोलत बसलेला दिसला, मग हातात भाजलेलं कणीस दिसलं. आम्ही उपाशी. आणि त्याच घटकेला पन्हाळ्याच्या अंगानं वारा उतरला. ऊस वाकला, तलावावर काटा आला, पतंग जमिनीवर फडफडायला लागला. मी पट्टा कमरेला आवळला, वकिलानं शिट्ट्या मारल्या, मास्तरांनी सदरा काढून हलवला, आणि खुंटा तलावाच्या दुसऱ्या टोकाला कणीस खात उभा. तो निघाला, हे मान्य केलं पाहिजे. कणीस तोंडात धरून निघाला. पण समोरून वारा, हातात गुळाचं फावडं. तो येऊन पोचेपर्यंत वारा आला तसा निघून गेला होता. ऊस पुन्हा सरळ. शेठनं उरलेलं अर्धं कणीस माझ्यापुढं धरलं. मी ते घेतलं नाही. वकिलानं घेतलं, त्याला तत्त्व नाही.

पुढचा सगळा श्रावण वादात गेला. मिसळीच्या टेबलावर आम्ही तिघं एका बाजूला आणि शेठ एकटा दुसऱ्या बाजूला, त्याला तेवढी जागा लागायचीच. मास्तरांचं म्हणणं, ज्या खेळात वेग नाही तो खेळ नाही, ती कामाला जायची पद्धत आहे. वकिलाचं म्हणणं, उभं राहून पाणी मागं ढकलणं हे अंगण झाडण्यासारखं आहे, तेसुद्धा न संपणारं अंगण. मी म्हणालो, पतंगावर छातीत धडधड होते, हातांना कंप सुटतो, घरी गेल्यावर बायकोनं काय विचारलं ते ऐकू येत नाही, याला खेळ म्हणतात. शेठ खात होता. पावाचा तुकडा बुडवून तो म्हणाला की त्याला फळीवर सगळं ऐकू येतं. म्हैस पाणी पिते तेसुद्धा.

"म्हैस पाणी पिताना ऐकायला तलावावर कशाला जायला पाहिजे?" वकील म्हणाला. "गल्लीत ये माझ्या."

पण आमचा खरा अडथळा वेगळाच होता, आणि तो कोल्हापूरबाहेरच्या माणसाला समजायचा नाही. आमच्याकडं कुठलीही गोष्ट इर्षेशिवाय होत नाही. दूध प्यायचं ते शेजाऱ्यापेक्षा एक पेला जास्त. एका पेठेनं मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावले की दुसरी पेठ घराएवढे लावणार. पतंगावरसुद्धा आम्ही एकमेकांशी लढायचो, कोण लांब गेला, कोण उंच उडाला, कोण मोठ्यांदा आपटला. आणि हा मनुष्य फळीवर उभा राहून कुणाशी लढतो?

मी त्याला तसं सरळ विचारलं, शेठ, यात तू हरवतोस कुणाला?

शेठनं घास गिळला. "कुणालाच न्हाय."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं. एखाद्यानं आपल्याला गूळ आवडत नाही म्हणावं तसं झालं, आणि तेही गुळाच्या अडत्यानं.

शेवटचा उपाय म्हणून मी शेठच्या घरी वहिनींकडं गेलो. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी सगळं मांडलं, श्रावण चाललाय, वारा वाया जातोय, तुम्ही त्याला जरा सांगा. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, इतकी वर्षं हे गुडघ्यापर्यंत भिजून येत हुते. आता डोक्यापर्यंत भिजून येत्यात. मला धुणं तेवढंच हाय." आणि माझ्यापुढं मूठभर शेंगा ठेवल्या. या उत्तराचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून शेंगा खाल्ल्या आणि घरी आलो.

घरी येता येता मला युक्ती सुचली. इर्षा नाही ना? मग आपण घालू. शर्यत लावायची. माझा पतंग आणि त्याची फळी. अलीकडच्या काठावरून सुटायचं, पलीकडच्या काठाला हात लावायचा आणि निघालो तिथंच परत यायचं. मी जिंकलो तर शेठ उरलेल्या पावसाळ्यात खुंटा. तो जिंकला तर पुन्हा नाव काढणार नाही. शर्यत म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस नाही म्हणत नाही, शेठही म्हणाला नाही. फक्त निघता निघता त्यानं विचारलं, "ते सगळं बरोबर हाय. पण शर्यतीत तुला मागनं धरणार कोण?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. एक गणिताचा मास्तर, एक वकील आणि एक धंद्यातला माणूस, आणि एवढी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. शेठ म्हणाला, असू दे, मीच धरतो, तुला सोडला की पळत जाऊन फळीवर चढतो. वकील म्हणाला, हे कायद्यात बसत नाही. मास्तर म्हणाले, गणितातही बसत नाही. पण दुसरा इलाज नव्हता, तेव्हा बसवलं.

बातमी फुटली. म्हणजे वकिलानं ती फोडली. त्या रविवारी तलावावर बैलगाड्यांच्या शर्यतीला जमावी तशी माणसं. पेठ वडगावापासून लोक आले होते असं मी सगळीकडं सांगतो, निदान एक जण आला होता हे नक्की, त्याच्या मोटारसायकलची चेन माझ्या दुकानातली होती. हलगीवाला आला, भेळवाला आला. पलीकडचा म्हातारा स्वतःचं शेत सोडून अलीकडं आला, चांगली जागा धरून बसला आणि सगळ्यांना सांगायला लागला की ह्यो छत्रीवाला आता तिकडं जाणार आणि संध्याकाळी पायी येणार.

आणि नवल म्हणजे वारा होता. रविवार असून होता. सकाळपासून एकसारखा, ताठ, पश्चिमेचा.

मास्तर पतंग घेऊन लांब उभे राहिले. शेठ नेहमीसारखा गुडघाभर चिखलात, त्याचे दोन्ही पंजे माझ्या कमरेच्या पट्ट्याला. बाजूला त्याची फळी पाण्यात तयार, फावडं आडवं ठेवलेलं. मास्तरांनी पतंग सोडला. हिसका बसला, पण मी जागचा हललो नाही. पतंग डोक्यावर चढून स्थिर झाला.

"सोडू?"

"सोड."

मी गेलो. हलगी ऐकू आली आणि लगेच मागं पडली. पलीकडचा काठ माझ्याकडं धावत आला. हाताला चिखल लागला, मी पतंग फिरवला आणि उलटा निघालो. इथून पुढचं खरं. उजवीकडं तिरकं कापत गेलो, वळलो. डावीकडं कापत आलो, वळलो. प्रत्येक वळणाला थोडा थोडा वर सरकत होतो. मांड्या पेटल्या होत्या, पायातले पट्टे करकरत होते. मागच्या वर्षीची निम्म्याची खूण मागं गेली. मग धुणं धुणाऱ्या बायकांचे दगड दिसायला लागले, मग माणसांची तोंडं, मग म्हाताऱ्याचं तोंड, आणि ते उघडं होतं. इतकी वर्षं ज्यासाठी चिखल तुडवला ते समोर आलं होतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की जाताना किंवा येताना शेठची फळी मला कुठंच आडवी आली नव्हती.

फळी होती तिथंच होती. फावडंही होतं तसंच आडवं. शेठ मला सोडलेल्या जागीच गुडघाभर चिखलात उभा होता, हात पुढं करून. मी काठाला लागलो तसा त्यानं पट्टा पकडला, दुसऱ्या हातानं दोरी खेचून पतंग खाली घेतला. मी जिथून सुटलो होतो तिथंच परत आलो होतो.

मी दोन्ही हात वर केले. कुणी ओरडलं नाही. हलगीवाला काडी वर धरून इकडं तिकडं बघत होता, त्याला कुणासाठी वाजवायची ते कळेना. मागून कुणीतरी म्हणालं, ही कसली शर्यत, एकटाच पळाला की. बरोबर होतं त्यांचं. समोरचा पैलवान आखाड्यात उतरलाच नाही तर त्याला कुस्ती मारली असं कोण म्हणेल? म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि माझ्याकडं असा बघत गेला की मी त्याचा रविवार चोरलाय.

मी तसाच ओला, धापा टाकत शेठच्या अंगावर गेलो. आयुष्यात एकदा परत आलो, आणि तेही यानं बिनमोल करून टाकलं. मी विचारलं, तू निघाला का नाहीस?

"मी गेल्यावर तुला धरलं कुणी असतं?" शेठ म्हणाला. "मास्तर? हितं काठाला दगडं हाईत. पतंगानं तुला त्यावरनं खेचत नेला असता."

वकील मधे आला. शर्यत झाली किंवा नाही, हा वादाचा मुद्दा आहे, पण जो निघाला तो आणि जो आला तो एकच, तेव्हा शेठ हरला आणि ठरल्याप्रमाणे उरलेला पावसाळा खुंटा, असं त्यानं कोर्टात सांगावं तसं सांगितलं. शेठनं मान डोलावली. शब्द दिलाय म्हणाला. वाकून फावडं उचललं, धुतलं, आणि फळी जीपकडं ओढायला लागला. ओढता ओढता, माझ्याकडं न बघता म्हणाला,

"एवढी वर्षं ह्याच काठावर हुबा हाय मर्दा. तुम्ही जाताना बघतो, येताना बघतो. पलीकडं काय हाय ते मी ह्या श्रावणातच बघितलं."

तक्रार नव्हती ती. गुळाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला. वकील बोलायचा थांबला, हे मी त्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मला त्या क्षणी इतका वैताग आला की काय सांगू. मी जिंकलेलो, वारा अजून सुटलेला, खुंटा हातात आलेला, आणि हा माणूस फळी ओढत चिखलातून चाललेला. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं एवढंच, "ओढत काय बसलाईस? जा की. पाण्यात घाल ती."

"आणि पट्टा?"

"धरू आमचा आम्ही."

कसा धरणार होतो ते देवाला ठाऊक. पुढच्या रविवारी कळलं. वकील पतंगाला बांधलेला, मागून त्याचा पट्टा मी धरलेला, आणि माझं वजन पुरत नाही म्हणून माझी कंबर मागून मास्तरांनी धरलेली. पतंग वर धरून सोडायला भेळवाल्याला पटवलं होतं, तो म्हणाला, आधी भेळ घ्या. पतंग चढला तसा आम्ही तिघं चिखलातून फरफटत पुढं गेलो. मास्तरांची एक चप्पल जी रुतली ती त्या तलावात अजून असेल. मी जीव खाऊन टाचा रोवल्या. वकील पुढून ओरडत होता, सोड. मी सोडला. तो गेला, सुसाट, पलीकडं.

आणि मग काहीच नाही. मास्तर चप्पल शोधायला वाकले. मी हात मोकळे करून गुडघाभर चिखलात उभा. वकील आता पलीकडं आपटणार, गाठोडं बांधणार, उसातून येणार, तोपर्यंत मला करायला काहीही नव्हतं. आणि मधेच तिरकं कापत परत आलाच, तर पट्टा धरायला कुणीतरी पाहिजे म्हणून जाताही येत नव्हतं. हे काम इतकं कंटाळवाणं आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

शेठ तलावाच्या मध्यावर होता. वाऱ्यानं त्याची फळी बाजूला सरकत होती आणि तो गुडघे टेकून, फावडं मारून ती सरळ करत होता, घाई न करता. मला उभा बघून त्यानं फावडं उंच केलं आणि ये म्हणून बोलावलं. फळीवर जागा होतीच. मी ओरडून सांगितलं की वकील येईस्तोवर मला हितनं हलता येत नाही. त्याला ते ऐकू गेलं, फळीवर त्याला सगळं ऐकू यायचं. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा पलीकडच्या काठाकडं तोंड केलं.

मी वकिलाला मनातल्या मनात शिव्या देत तिथंच उभा राहिलो.